मापटं कोणाच्या हातात?

(लोणार येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



२ मे १९४३ रोजी मुंबई शहरात कार्डावरचं रीतसर धान्य-रेशनिंग सुरू झालं. त्या दिवशी लोणारात काय झालं? काहीच नाही. कार्ड इथे कोणाच्याच घरी आलं नाही. मग दुसऱ्या महायुद्धातलं रेशनिंग आणि बायका हा विषय घेऊन ही बाई मुंबई-पुणं सोडून इथे कशाला आली, असा प्रश्न पहिल्या रांगेतल्या गुरुजींच्या चेहऱ्यावर मला आत्ताच दिसतोय. त्याचं पूर्ण उत्तर द्यायला तासभर लागेल. तूर्त एवढंच सांगते, रेशनिंगचा इतिहास आजवर दुकानाच्या फळीपर्यंतच लिहिला गेला. सरकारने धान्य कुठून आणलं, गोदामात किती भरलं, माणशी किती वाटलं, याचे अहवाल आहेत. ते धान्य पिशवीतून घरात शिरलं की अहवाल संपतात. तिथून ताटापर्यंतचं वाटप जिने केलं ती कुठल्याच रकान्यात नाही. आणि ते वाटप लोणारात, मेहकरात, सुलतानपुरात कार्डाशिवायही रोज दोन वेळा चालूच होतं.

आधी मुंबईचं बघू. युद्ध १९३९ च्या सप्टेंबरात जाहीर झालं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही हिंदी पुढाऱ्याला न विचारता देश त्यात ओढला. पहिली दोन वर्षं महागाई वाढत गेली, पण ताटातला भात हलला नाही. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि तो हलला. ब्रह्मदेशातून दरसाल येणारा दहा-पंधरा लाख टन तांदूळ एकदम बंद झाला. गिरणगावातल्या कोकणी माणसाच्या पोटाला हा फटका थेट बसला. त्यात रेल्वेच्या वाघिणी लष्कराच्या कामाला जुंपलेल्या, प्रांताप्रांतांच्या हद्दीवर धान्यबंदी, आणि युद्धखर्च भागवायला सरकार नोटा छापत सुटलेलं. १९४३ मध्ये घाऊक भाव युद्धाआधीच्या दुपटीच्या पलीकडे गेले. केंद्र सरकारात अन्नखातं असं वेगळं खातं निघालं तेच मुळी १९४२ च्या डिसेंबरात. प्रजेला जेवायलाही लागतं, हे ध्यानात यायला सरकारला युद्धाची तीन वर्षं लागली.

१९४३ च्या मध्याला सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखाली अन्नधान्य धोरण समिती बसली. लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशनिंग करा आणि मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य मिळेल असं बघा, अशी तिने शिफारस केली. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. पक्क्या शेराच्या हिशेबाने जवळजवळ अर्धा शेर, म्हणजे आपलं एक मापटं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक इथल्या सत्तरीपुढच्या मंडळींना अजून तोंडपाठ असेल. म्हणजे सरकारी विद्वानांनी महिनोन्महिने खपून जे माप काढलं ते घराघरातल्या कणगीवर पालथं घातलेलं होतं. फक्त घरातली बाई ते माणूस बघून भरायची. आज शेतात जायचंय का, अंगात ताप आहे का, पोर अंगावर पितंय का, हे पाहून कुठे काठोकाठ, कुठे शिगोशीग, कुठे बोटभर कमी. एका पौंडातून सोळाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. दिवसभर राबणाऱ्याला ते पुरत नाहीत. वरची तूट डाळीने, तेलाने, भाजीने भरून काढायची, असं कागदावर गृहीत होतं. ती भरायची कोणी आणि कशातून, हे काही समितीला विचारता येणार नाही.

कार्डावर मिळायचं ते मुख्यतः अख्खं धान्य, पीठ नव्हे. ही गोष्ट बारीक वाटते, पण बाईच्या दिवसाचा हिशेब मांडायला घेतला की ती बारीक राहत नाही. रांगेत उभं राहायचं, आणलेलं धान्य निवडायचं, त्यातले खडे, माती, टोके वेगळे करायचे, पाखडायचं, दळायचं किंवा दळून आणायचं. जन्मभर भात खाल्लेल्या बाईच्या पदरात गहू, बाजरी, ज्वारी पडली तर ती रांधायची रीत नव्याने शिकायची. वऱ्हाडातल्या बाईला हे ऐकून हसू येईल. ज्वारीची भाकर थापता येत नाही, ही काय तक्रार झाली! पण तिच्यापुढे उलट नुसता तांदूळ ठेवून आता वर्षभर यावरच भागव म्हटलं असतं, तर तीही गांगरली असती. गिरणी, गोदी असली अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांना 'जड काम' म्हणून वेगळं जादा रेशन मिळे. ते योग्यच होतं. पहाटे पायलीभर दळून, तीन मजले पाणी चढवून, मग रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या बाईचं काम मात्र कोणत्याही यादीत जड ठरलं नाही.

या रेशनिंगने मुंबईतल्या बायकांना काहीच दिलं नाही, असंही नाही. रेशनिंगच्या कचेऱ्यांत कारकून हवे होते, आणि मध्यमवर्गी घरांतल्या मुली पहिल्यांदाच दहा ते पाच खुर्चीवर बसू लागल्या. 'आमची लेक रेशनिंगमध्ये आहे' हे वाक्य लग्नाच्या बाजारात खपू लागलं. गिरणगावात वेगळी जाग आली. महागाई भत्त्यासाठी १९४० मध्येच गिरण्यांचा मोठा संप झाला होता आणि त्यात कामगार बाया होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर या बायांच्या पुढारी. पुढच्या वर्षांत दुकानातलं वजन, धान्याची प्रत, काळा बाजार हे त्यांच्या चळवळीचे विषय झाले. उषाताईंचं 'पण ऐकतं कोण?' आणि पार्वतीबाईंची 'एका रणरागिणीची हकिगत' ही दोन आत्मकथनं तुमच्या वाचनालयात नसतील तर मागवून घ्या. युद्धकाळातली मुंबई जनरलच्या आठवणींत शोधू नका, या दोघींकडे शोधा.

आता वऱ्हाडाकडे येते. त्या वेळी लोणार मेहकर तालुक्यात, आणि आपला जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. काँग्रेसचं मंत्रिमंडळ १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामा देऊन बाहेर पडलेलं. नागपुरात गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम यांचा एकछत्री कारभार. १९४२ चं आंदोलन पेटल्यावर पुढारी तुरुंगात. त्या आंदोलनातल्या चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे धडपडत होत्या. इंग्लंडमध्ये जिला 'घरची आघाडी' म्हणत, तिच्यावर तिथल्या बायका आपल्या देशासाठी लढत होत्या. आमच्या घरची आघाडी दुहेरी होती. युद्ध परक्याचं, त्याची झळ मात्र आमच्या चुलीला. 'युद्धाला हातभार लावा' म्हणणारं सरकार आमच्याच भावाला डांबून बसलेलं. त्यामुळे इंग्लंडमधल्या गृहिणीच्या त्यागाच्या गोष्टी आपल्या बायांवर जशाच्या तशा चिकटवता येत नाहीत. इथे काटकसर होती ती देशभक्तीने केलेली नव्हती. ती करावी लागली.

आणि वऱ्हाडाचं दुखणं मुंबईच्या दुखण्यापेक्षा निराळं होतं. इथे मुख्य पीक कापूस. बाजारात 'उमरा' या नावाने ओळखला जाणारा आपला आखूड धाग्याचा कापूस जपान मोठ्या प्रमाणावर घेई. १९४१ च्या अखेरीला जपान शत्रू झाला आणि एक मोठं गिऱ्हाईक रातोरात नाहीसं झालं. पुढच्याच वर्षी सरकारची 'अधिक धान्य पिकवा' मोहीम आली: आखूड धाग्याचा कापूस कमी करा, ज्वारी पेरा. यात कोणाचं काय झालं याचा विचार करताना आपण शेतकऱ्याचा विचार करतो. मला वेचणीला जाणाऱ्या बाईचा विचार करायचाय. कापूस वेचणी हे वऱ्हाडात बाईचं काम, आणि मजुरी वजनावर. ज्वारीच्या सोंगणी-खुडणीला गेलं तर मजुरी कणसांत, दाण्यांत मिळे. कापसात हाती पैसा पडे. सुबत्तेच्या काळात पैसा बरा वाटतो. पण भाव दुपटीवर गेले की आणे तेवढेच राहतात आणि दाणे अर्धे होतात. जिला दाण्यात मजुरी ती त्या वर्षी तगली, जिला पैशात ती खंगली. दोघी एकाच गल्लीत राहत असतील, एकीचं घर खालच्या आळीला, दुसरीचं चार घरं पलीकडे, आणि शासनाच्या लेखी दोघीही 'ग्रामीण, म्हणून रेशनची गरज नाही'.

गावात धान्य पिकतं म्हणून गावाला उपास पडत नाही, या समजुतीने त्या काळात केवढा अनर्थ केला ते बंगालने दाखवलं. १९४३ च्या त्या दुष्काळात, त्याची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाच्या हिशेबाने, पंधरा लाख माणसं गेली. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांच्या आसपास जातात. सरकारने कलकत्ता जपलं, कारण तिथे कारखाने होते, युद्धाचा माल होता. मेली ती बहुतेक खेड्यातली माणसं: भूमिहीन मजूर, मच्छीमार, भात सडून पोट भरणाऱ्या बाया. अमर्त्य सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, शांतिनिकेतनात आजोबांकडे. दारी येणाऱ्या उपाशी माणसाला सिगारेटच्या डब्याने मोजून तांदूळ द्यायची परवानगी त्यांना मिळाली होती, असं त्यांनी सांगितलंय. पुढे १९८१ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की भुकेचं कारण धान्याच्या तुटीपेक्षा, धान्य मिळवण्याची ताकद कोणाकडे होती आणि कोणाची गेली, यात शोधायला हवं. आपली वेचणीवाली आणि सोंगणीवाली यांच्यात फरक होता तो नेमका हाच.

बंगालच्या बायका मात्र गप्प राहिल्या नाहीत. १९४३ च्या मार्चमध्ये महिला आत्मरक्षा समितीच्या पुढाकाराने हजारो बायका कलकत्त्याच्या विधिमंडळावर तांदूळ मागत चालून गेल्या. त्या हाकेचा प्रतिध्वनी मराठीत उमटला तो अण्णा भाऊ साठे यांच्या 'बंगालची हाक'मध्ये, मुंबईच्या कामगार वस्त्यांतल्या लाल बावटा कलापथकाच्या डफावर.

आपल्या प्रांतातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. खाणीत जमिनीखाली बायकांना कामाला लावायचं नाही, ही बंदी १९३७ पासून पूर्णपणे अंमलात आली होती. १९४३ मध्ये कोळसा कमी पडू लागल्यावर सरकारने ती उठवली, आणि ज्या प्रांतांत ती उठली त्यांत आपला मध्यप्रांतही होता. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतं. निर्णयावर देशभर टीका झाली, अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला, आणि ती तात्पुरती व्यवस्था असल्याचा खुलासा बाबासाहेबांना कायदेमंडळात करावा लागला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. यात अन्नाचा संबंध असा की मजूर खाणीकडे ओढण्यासाठी स्वस्त धान्य हे मोठं आमिष होतं. वर शेतात पैशाची मजुरी आणि महाग ज्वारी. खाली अंधारात कोळसा आणि स्वस्त धान्य. घरातल्या चार तोंडांचा विचार करणाऱ्या बाईने काय निवडलं असेल, ते मी सांगायला नको.

लोणारात युद्ध शिरलं ते धान्याआधी इतर वाटांनी. ब्रह्मदेशाबरोबर तिथलं तेलही गेलं, म्हणून रॉकेल मिळेनासं झालं. साखरेवर १९४२ पासूनच नियंत्रण. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं आणि 'स्टँडर्ड' कापड निघालं. नऊवारी नेसणाऱ्या बाईला कापडाची टंचाई म्हणजे काय, हे पुरुषांच्या धोतराशी तुलना करून कळणार नाही. दोन लुगडी असतील तरच एक धुता येतं. चिल्लर इतकी आटली की तांबं वाचवायला सरकारने १९४३ मध्ये भोकाचा पैसा पाडला. आमच्या घरांत तो पुढे कितीतरी वर्षं दोऱ्यात ओवलेला असायचा. आणि लोणारचा आणखी एक पेच. इथून थोड्याच कोसांवर मोगलाई लागायची. पलीकडे निजामाचा अंमल, तिथला हाली रुपया वेगळा, आपला कलदार वेगळा. तिथे एकराच्या हिशेबाने सक्तीची धान्य-लेव्ही उचलली जाई, इथले नियम निराळे. सोयरीक मात्र दोन्हीकडे. लेकीच्या सासरी हुरडा, डाळ, चार पायल्या ज्वारी पाठवणं हा आईचा जन्मसिद्ध हक्क. हद्दीवर धान्यबंदी आली की तोच गुन्हा होतो. सरकारच्या कागदात त्याला काळा बाजार म्हणायचं की रुखवत, हे त्या नाक्यावरच्या शिपायानेच ठरवायचं!

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढी आडवाट केली तिथे येते. त्या वर्षांत सरकारने एक मोठा शत्रू शोधून काढला: साठेबाज. १९४२ च्या हुकमांनी घाऊक व्यापाऱ्यांना परवाने लावले. ते रास्त होतं. पैशावर बसलेल्या अडत्यांनी त्या काळात माणसं मारली, यात मला शंका नाही. पण बंगालमध्ये १९४३ च्या जूनमध्ये सरकारी मोहीम गावोगाव घरांत शिरून धान्य धुंडाळू लागली, आणि निजामाच्या मुलखात लेव्हीवाले शेतकऱ्याच्या खळ्यावर उभे राहिले, तेव्हा साठेबाजाच्या यादीत नकळत एक बाई आली. वर्षाची बेगमी करणारी.

बेगमी म्हणजे काय? सुगी झाली की पुढच्या सुगीपर्यंतचे दिवस मोजायचे. घरची माणसं, सालदार, येणारे-जाणारे, दोन लग्नं, एक बाळंतपण, पितरं, पोळा. त्यातून बियाणं आधी बाजूला. राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून ते असं ठेवायचं की उपास पडला तरी त्याला हात लावायचा नाही. उरलेलं कणगीत, कोठीत, पांढरीत खणलेल्या पेवात. उन्हाळ्यात पापड-कुरड्या, आणि पापडासाठी लोणारच्या तळ्याचा खार. ऐन-इ-अकबरीत या तळ्याच्या काठी काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं अशी नोंद आहे. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी त्या खाराची नावं गॅझेटियरवाल्या साहेबांनीही टिपली. पापड लाटणाऱ्या बाईला मात्र कोणी साहेब काही विचारायला गेला नाही. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला की भाकरीत कळणा वाढे, ज्वारीच्या कण्या होत, आंबील होई. रानातला तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी ताटात येई. फारच वाईट वर्ष असेल तर बरबड्याचं बी वेचून दळायचं. कोणत्या पाल्याने पोट बिघडतं, कोणता उकळून पाणी फेकावं लागतं, हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे गेलं. ते कोणत्याही अन्नखात्याकडे नव्हतं.

म्हणजे बघा, तुटीचं वाटप करायचं, भविष्याकडे डोळा ठेवून आज हात आखडायचा, दुबळ्याला आधी द्यायचं, हे जे राज्याने १९४३ मध्ये ठेचा खात शिकायला घेतलं, ते काम करणारा एक अनुभवी वर्ग देशात होता. राज्याने त्याच्याकडे शिकायला जायला हवं होतं. गेलं ते झडती घ्यायला.

मी घरातल्या व्यवस्थेचे गोडवे गायला उभी नाही. आपल्या सरोवराकाठच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी असं आपण पाहुण्यांना दाखवतो. घरातलं रेशनही तसंच होतं. एकाच कणगीतून निघालेलं धान्य घरच्या पुरुषांना, मुलग्यांना, मग लेकीबाळींना, सासूला, आणि खरवड सुनेला. बाईने मापटं हातात ठेवलं, पण स्वतःच्या ताटाशी आल्यावर ते तिने उलटं धरलं. काही तिने मायेने केलं, काही धाकाने, आणि बहुतेक वेळा तिलाच या दोन्हींतला फरक सांगता आला नसता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. अनेक दुष्काळांच्या आकड्यांत पुरुषांचे मृत्यू बायकांपेक्षा काहीसे जास्त दिसतात. तेव्हा 'बाई आधी उपाशी राहते, म्हणून आधी मरते' असं सरळ गणित मांडता येत नाही. ती मरत नाही. ती वर्षानुवर्षं अर्धपोटी जगते, रक्त कमी असताना बाळंत होते, आणि हे कोणत्याच दुष्काळाच्या नावावर जमा होत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा कुठलं युद्ध चालू होतं?

रेशनिंगला उंबरठ्याच्या आत बघता येत नाही, असं कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये ते आत गेलं होतं. तिथे १९४० च्या जानेवारीत लोणी, साखर, डुकराचं खारवलेलं मांस यांवर रेशन आलं. गरोदर बाईला हिरव्या रंगाचं वेगळं पुस्तक मिळे: रोज पाइंटभर दूध, फळांवर पहिला हक्क, अंडी दुप्पट. ते तिच्या नवऱ्याच्या नव्हे, तिच्या नावाचं. त्याच साम्राज्यात, त्याच वर्षांत, आमच्या बाईचं गरोदरपण हा कोणत्याही कार्डाचा रकाना नव्हता. साम्राज्याला उंबरठा ओलांडता येत होता. कोणाचा ओलांडायचा, हे त्याने ठरवलं होतं.

युद्ध संपलं, टंचाई संपली नाही. १९४६ च्या सुरुवातीला धान्याचं रेशन बारा औंसांवर आलं, म्हणजे ३४० ग्रॅम. मापट्याचं पाऊण मापटं. नियंत्रणांनी काळा बाजार आणि लाचलुचपत वाढते, म्हणून ती उठवा, असा आग्रह गांधीजींनी १९४७ च्या अखेरीला प्रार्थनासभांतून धरला; डिसेंबरात ती उठू लागली, भाव भडकले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात पुन्हा बसली. रफी अहमद किडवई अन्नमंत्री झाल्यावर ती सैल झाली. वऱ्हाडात मात्र 'कंट्रोल' हा शब्द कायमचा राहिला. अजूनही आपण 'कंट्रोलवर गहू आलाय' असंच म्हणतो.

पुढे आणखी दोन युद्धंही चुलीपर्यंत आली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. या वेळी मात्र युद्ध आपलं होतं, आणि घरोघरी ते पाळलं गेलं. त्याच काळात वसंतराव नाईकांनी शनिवारवाड्यावर राज्य अन्नात स्वयंपूर्ण झालं नाही तर फासावर जाईन असं म्हटलं, आणि सीएसएच-१ हे ज्वारीचं संकरित वाण वऱ्हाडात 'हायब्रीड' म्हणून शेतात आलं. उत्पन्न वाढलं. भाकर मात्र नीट थापली जात नाही, चवीला फिकी, असं बाया म्हणत राहिल्या आणि कृषिखात्याला ते ऐकू आलं नाही. १९७१ च्या युद्धानंतर लगेच १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामांवर दगड फोडायला, नाला-बांधावर माती वाहायला बाया मोठ्या संख्येने होत्या. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी त्यांच्या पदरात पडली. इकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा लाटणं मोर्चा निघाला. रस्त्यावर लाटणं दिसलं तेव्हा वर्तमानपत्रांना त्यात गंमत वाटली. मला त्यात तीस वर्षांची थकबाकी दिसते.

आणि मग २०१३. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचं कलम १३ सांगतं की रेशनकार्डासाठी कुटुंबाची प्रमुख म्हणजे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील बाई. कलम ४ गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार देतं. मुंबईत पहिलं कार्ड निघाल्यापासून हे व्हायला सत्तर वर्षं लागली. माप मात्र घटलं. ग्रेगरी समितीचं मापटं महिन्याला साडेतेरा किलोच्या वर जात होतं. आजच्या कायद्यात प्राधान्य गटाला माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदयाला घरामागे पस्तीस. तुलना अगदी सरळ नाही, हे मला मान्य आहे. तेव्हा शहरात दुकानाबाहेर धान्य घ्यायलाच बंदी होती, आज बाजार मोकळा आहे. पण गहू-तांदूळ कंट्रोलवर, आणि चांगली ज्वारी बाजारात गव्हाहून महाग, अशी वेळ ज्वारीच्या मुलखावर आली, त्याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडायला हवा. भाकरीचा देश पोळीवर गेला तो आवडीने गेला नाही, दुकानात जे आलं त्यावर गेला.

कार्डावर नाव बाईचं झालं, आता दुकानात यंत्रावर अंगठा लावावा लागतो. निंदण-खुरपण, कापूस वेचणं, भांडी घासणं यांनी रेषा झिजलेल्या बोटाला ते यंत्र अनेकदा ओळखत नाही. पर्यायी सोय नियमांत आहे. ती तुमच्या गल्लीतल्या दुकानात चालते का, हे इथे बसलेल्या बायांनी मला सांगावं; व्यासपीठावरून मला ते कळणार नाही. अध्यक्षांनी परवानगी दिली तर आता प्रश्न घेते, आणि पहिला माइक मागच्या बाजूला द्या.